दुपारी तीनची डोकेदुखी

प्रश्न: कार्यालयात आम्ही बावीस जण बसतो. दुपारी तीनच्या सुमारास निम्म्यांची डोकी जड होतात, डोळे चुरचुरतात. सुट्टीच्या दिवशी काही नाही. साहेबांनी एअर प्युरिफायर आणला, फरक शून्य. चार महिन्यांपूर्वी नवं फर्निचर बसवलंय. दोष त्याचाच का?

उत्तर: ‘सुट्टीच्या दिवशी काही नाही’ हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य. इमारत सोडली की त्रास ओसरतो, तेव्हा आधी नाडी इमारतीची बघायची.

फर्निचरवर संशय घ्यायला जागा आहे. प्लायवूड, पार्टिकल बोर्डाच्या चिकटद्रव्यातून फॉर्माल्डिहाइड हे डोळ्यांना झोंबणारं रसायन महिनोन्‌महिने सुटत राहतं. पण ते रात्रीही सुटतं आणि बंद खोलीत साचतं. मग त्रास सकाळी कुलूप उघडल्या उघडल्या जास्त व्हायला हवा. तुमचा दुपारी चढतो, म्हणजे माणसांबरोबर वाढणारं काहीतरी आहे. माझा पहिला संशय बाहेरची हवा आत न येण्यावर.

कार्बन डायऑक्साइडचं मीटर मिळवा. बाहेर तो सुमारे ४२० पीपीएम असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. सकाळी रिकाम्या खोलीत, अकराला, जेवणानंतर आणि तीनला आकडा लिहा. १००० च्या बराच वर गेला तर बावीस जणांना हवा पुरत नाही. ही १००० ची खूण नवी नाही, म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञानं ती १८५८ मध्येच सुचवली होती. इतका वायू विषारी नसतो, तो नुसता चहाडखोर. आपला उच्छ्वास बाहेर जात नसेल तर बाकीची घाणही जात नाही, एवढं तो सांगतो.

प्युरिफायरचा फिल्टर धूळ पकडतो, कार्बन डायऑक्साइड नाही. (त्याला ओझोनचं बटण असेल तर ते बंदच ठेवा. ओझोन फुप्फुसांना त्रास देतो.) स्प्लिट एसीही आतलीच हवा गार करून परत देतो. तेव्हा एक दिवस दर तासाला दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडून बघा. खिडक्या उघडत नसतील आणि यंत्रणा मध्यवर्ती असेल, तर देखभालवाल्याबरोबर स्वतः गच्चीवर जाऊन ताज्या हवेचा डॅम्पर, म्हणजे बाहेरची हवा आत घेणारी झडप, पाहा. एकदा मी दोन दिवस मोजमापं घेतली, अर्धा अहवाल लिहिला आणि मग गच्चीवर गेले. डॅम्पर तारेनं करकचून बांधलेला! कुणीतरी विजेचं बिल वाचवत होतं. तेव्हापासून मी गच्ची आधी बघते.

तीनला आकडा ८०० च्या आत असूनही डोळे चुरचुरले, तर माझा अंदाज चुकला. मग फर्निचर, कॉपियर, फरशी पुसायचं द्रव आणि ओल, या क्रमानं शोधा. भिजलेलं छत किंवा कार्पेट एक-दोन दिवसांत वाळलं नाही तर बुरशी धरते.

जवळपास जनरेटर, बॉयलर किंवा बंदिस्त पार्किंग असेल तर मात्र हे सगळं नंतर. त्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वेगळा, तो जीवघेणा; त्याला वास नसतो आणि हे मीटर तो दाखवत नाही. त्याचा अलार्म आजच लावा. वाजला, किंवा डोकेदुखीबरोबर गरगरलं, मळमळलं, तर सगळ्यांनी आधी बाहेर पडायचं.

आणि तीनची नोंद घेताना मीटर तोंडापासून दोन हात लांब ठेवा. श्वास लागला की आकडा भलताच उडतो, आणि साहेब नेमका तोच धरून बसतील.