‘ज्या चिखलातून बाहेर पडलो, त्यातच मुलगी निघाली’

मालवणजवळच्या गावातून एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं: “मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला कांदळवनाच्या चिखलातल्या जिवाणूंवर काम करायचंय. माझ्या वडिलांचं आयुष्य खाडीत कालवं नि तिसऱ्या काढण्यात गेलं. मी शिकून पतपेढीत लागलो. आता ही परत चिखलात. फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलला जा म्हटलं तर ऐकत नाही. यात पोट भरतं का?”

नमस्कार,

भरतं. पण उशिरा, आणि नुसत्या ‘कांदळवन’ या शब्दावर नाही.

आधी चिखलाबद्दल. ओहोटीला खाडीकाठी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो तुम्हाला मी काय सांगणार! तोच तुमच्या मुलीचा विषय. तिवरा-कांदळांखालच्या गाळात प्राणवायू असतो जेमतेम वरच्या काही मिलिमीटरपर्यंत. त्याखालचे जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून पालापाचोळा कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वास त्याचा. गाळातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की चिखल काळा पडतो. असल्या गाळात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून तिवर पेन्सिलीसारखी मुळं वर काढून उभं राहतं. कुजणं इथे इतकं संथ चालतं की पाल्यातला कार्बन शेकडो वर्षं गाळातच पडून राहतो.

कांदळवनं जपण्याशी याचा संबंध काय? बांध घालून भरतीचं पाणी अडवलं आणि गाळ सुकला, की त्यातल्या लोह-गंधकाच्या खनिजांना हवा लागते आणि गंधकाम्ल तयार होतं. उलट पाणी तुंबून राहिलं तर सल्फाइड साठतं आणि कोवळ्या रोपांची मुळं जातात. रोपं लावताना फोटो काढणारे पुष्कळ भेटतात. ती का मेली हे सांगायला गाळ वाचता येणारं माणूस लागतं. तशी माणसं कमी आहेत.

(जाता जाता: कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर कांदळवनाच्या पाण्यात बुडालेल्या पानांवर एक जिवाणू सापडला, सुमारे सेंटिमीटरभर लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. 2022 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, नाव थायोमार्गारिटा मॅग्निफिका. लेकीला विचारा, तिला ठाऊक असणार.)

आता पोटाचं. महाराष्ट्राच्या वनविभागात 2012 पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, पण अशा ठिकाणची संशोधनाची कामं बहुधा प्रकल्पापुरती, कंत्राटी असतात. त्यांच्या भरवशावर घर चालवायचं गणित मांडू नका. एम.एस्सी.साठी गोवा विद्यापीठाचा सागरी सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यासक्रम पाहा. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथून हाकेच्या अंतरावर, आणि तुम्हाला गोवा मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. आयआयटीत जायचं तर जॅम परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आहे. त्यानंतर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची संशोधनवृत्ती, मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. पीएच.डी. धरून पुढची सात-आठ वर्षं पक्क्या नोकरीशिवाय काढायची तयारी हवी. तेवढ्या वर्षांत मैत्रिणी फ्लॅट घेतील. तेव्हा चिडचिड होते, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

माझी एक अट मात्र आहे. गाळातले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेतल्या प्लेटवर वाढतच नाहीत. ते त्यांच्या डीएनएवरून ओळखावे लागतात आणि ते काम संगणकावर चालतं. तेव्हा तिने याच वर्षी पायथन किंवा आर यातली एक संगणकाची भाषा शिकायला घ्यावी. पुढे खाडी सुटली तरी हे हातात राहील. सांडपाणी प्रक्रिया, कोळंबी संवर्धनाच्या प्रयोगशाळा, पाणी तपासणी, आणि हो, तुमचं क्वालिटी कंट्रोलसुद्धा, सगळीकडे चालेल. क्वालिटी कंट्रोल वाईट नाहीच. पण तो दरवाजा एम.एस्सी.नंतरही उघडाच असतो, आत्ताच आत ढकलायची घाई कशाला?

तुमच्या वडिलांबद्दल लिहिलंत ते दोनदा वाचलं. ते खाडीत उतरायचे कारण दुसरं काही हातात नव्हतं. हिच्या हातात आहे, तरी ती उतरू म्हणतेय. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका.

तिला धीर आहे का, हे मात्र घरीच तपासता येईल. सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने 1880 च्या दशकात वापरलेली युक्ती आहे. एका उंच पारदर्शक बरणीत भातशेतीचा किंवा तळ्याचा चिखल, वर्तमानपत्राचे कपटे आणि उकडलेल्या अंड्याचा बलक कालवून भरायचा, वर थोडं पाणी, झाकण फार न आवळता लावून बरणी उजेडाच्या खिडकीत. त्यासाठी कांदळवनात शिरू नका, ते संरक्षित असतं आणि तिथून नमुने घ्यायला परवानगी लागते. महिना-दोन महिन्यांत चिखलात काळे, हिरवे, जांभळट पट्टे दिसू लागतात. एकेक पट्टा म्हणजे जिवाणूंची वेगळी वस्ती. तिने दर रविवारी फोटो आणि दोन ओळींची नोंद ठेवायची. आठ रविवार नोंदी झाल्या तर मला पुन्हा लिहा, पुढच्या प्रवेशांचं बोलू. बरणी तिसऱ्या आठवड्यात पडद्यामागे गेली, तर तुमचं म्हणणं तिच्यापुढे पुन्हा ठेवा.

झाकण मात्र घरात उघडू देऊ नका.