वाचक विचारतात : बंदर कोणाचं, विमानतळ कोणाचा?

प्रश्न : न्यू जर्सीतल्या मंडळासाठी गणेशमूर्तींचा कंटेनर न्हावाशेवाहून पाठवला. एलिझाबेथला उतरला, पण बाहेर पडेना. ते बंदर पोर्ट ऑथॉरिटीचं आहे म्हणे. अर्ज तिकडेच करायचा का? (मूर्तिकार, पेण)

नाही. न्यूयॉर्क-न्यू जर्सी पोर्ट ऑथॉरिटी तिथली घरमालक आहे. धक्के, जागा, आतले रस्ते तिच्या ताब्यात. क्रेन आणि यार्ड चालवतात त्या दीर्घ मुदतीच्या भाडेकरू कंपन्या. आपल्या न्हावाशेवालाही आता हीच पद्धत आहे. त्यामुळे तुमचा एक कंटेनर कुठल्या रांगेत पडलाय, हे मालकाला माहीतही नसतं.

त्या भाडेकरू कंपनीच्या, म्हणजे टर्मिनलच्या, संकेतस्थळावर कंटेनर नंबर टाका, म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे. 'होल्ड', म्हणजे अडवणूक, कोणाचा ते दिसेल. जहाज कंपनीचा असेल, तर बहुधा भाडं थकलंय किंवा मूळ बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीनं दिलेली मालाची पावती) जमा झालेलं नाही. कस्टम्सचा असेल, तर तो मंडळाच्या तिथल्या कस्टम्स ब्रोकरनंच सोडवायचा. पेणहून मेलांचा मारा करून उपयोग नाही.

मूर्तींच्या बाबतीत घोळ होतो तो पॅकिंगमध्ये. भाताचा पेंढा भरला असेल, तर कृषी तपासणीत अडकणार हे धरूनच चाला, कारण पेंढ्यातून कीड आणि तणाचं बी जातं. फोम वापरा. लाकडी खोक्यांवर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय, शिक्का हवाच : लोंबीचं चिन्ह, देशाची खूण 'आयएन' आणि प्रक्रियेची खूण, 'एचटी' (उष्णता) किंवा 'एमबी' (मिथिल ब्रोमाइडची धुरी). शिक्का नसेल तर माल परत पाठवायची पाळी येते. शिवाय माल जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी आयातदाराची आयएसएफ नोंद (कस्टम्सला मालाची आगाऊ माहिती) झालेली असावी. चुकल्यास दंड ५,००० डॉलरपर्यंत जातो.

तपासणीसाठी कंटेनर वेगळ्या गोदामात नेला, तर नेण्या-उघडण्याचा खर्च आयातदाराच्या माथी. तोवर डेमरेजचं, म्हणजे टर्मिनलवर कंटेनर पडून राहिल्याच्या आकाराचं, मीटर सहसा चालूच राहतं. रिकामा कंटेनर परत द्यायला उशीर झाला तर डिटेन्शन, ते वेगळं. अमेरिकेच्या २०२४च्या नियमानुसार या दोन्हींची बिलं आकारणी थांबल्यापासून ३० दिवसांत यायला हवीत आणि हरकत घ्यायला किमान ३० दिवस मिळतात. मुकाट्यानं पैसे भरू नका.

प्रश्न : ही ऑथॉरिटी कर घेत नाही, तरी एवढे पूल आणि विमानतळ कसे चालतात? (वाचक, पुणे)

कर लावायचा अधिकारच तिला नाही. पुलांवरचा टोल, टर्मिनलांचं भाडं, विमानांचं उतरण्याचं शुल्क आणि या उत्पन्नाच्या जोरावर काढलेले रोखे, यांवर गाडा चालतो. ३० एप्रिल १९२१ रोजी दोन राज्यांच्या करारातून ती जन्मली. १२ आयुक्त, प्रत्येक राज्याचे सहा, सहा वर्षांसाठी आणि बिनपगारी. सभेच्या इतिवृत्तावर कोणताही गव्हर्नर नकाराधिकार वापरून आपल्या आयुक्तांची कृती रद्द करू शकतो. खरी सत्ता कुठे आहे ते यावरून कळावं.

उत्पन्न एकत्र असल्यानं न्यू जर्सी-न्यूयॉर्क जोडणारी तोट्यातली पाथ रेल्वे टोलच्या पैशावर तगते. वाहनचालक त्यावर बोटं मोडतात, ते समजण्यासारखं आहे. पण याच रचनेचा फायदा बेयोन पुलाच्या वेळी झाला; एलिझाबेथकडे जाणारी जहाजं याच पुलाखालून जातात. २०१६ मध्ये पनामा कालवा रुंदावला आणि मोठी जहाजं येऊ लागली. पुलाखाली मोकळी उंची होती १५१ फूट. पूलही तिचा, बंदरही तिचं. तिनं जुनी कमान तशीच ठेवून रस्ता वर चढवला, आणि २०१७ मध्ये उंची २१५ फूट झाली. पूल दुसऱ्या खात्याचा असता, तर खर्च कोणी करायचा यातच वर्षं गेली असती.

प्रश्न : नेवार्क विमानतळावर गैरसोय झाली तर तक्रार कोणाकडे? (वाचक, एडिसन)

बॅग हरवली तर विमान कंपनीकडे. सुरक्षा तपासणीसाठी टीएसए, इमिग्रेशनसाठी सीबीपी, या दोन्ही केंद्र सरकारच्या यंत्रणा. विमानांची वाहतूक एफएए या केंद्रीय विमान वाहतूक खात्याच्या हाती. पार्किंग आणि एअरट्रेन (विमानतळावरची रेल्वे) ही ऑथॉरिटीची बाब. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर मात्र टर्मिनल ४ सारखी टर्मिनलं खासगी कंपन्या चालवतात, तेव्हा तिथल्या स्वच्छतागृहाची तक्रार आधी त्यांच्याकडे. जमीन तर ऑथॉरिटीचीही नाही : नेवार्क, जेएफके, लाग्वार्डिया हे विमानतळ तिनं त्या त्या शहराकडून भाडेपट्ट्यानं घेतलेत. तिकिटावर 'पीएफसी' (प्रवाशांकडून घेतलं जाणारं विमानतळ शुल्क) म्हणून ४.५० डॉलर दिसतात ते विमानतळाच्या कामांसाठी. जेएफकेची एअरट्रेन उभी राहिली त्यातही हा पैसा होता.