स्थानिक संगीताचा रेडिओ निवेदक आणि महोत्सवाचा आयोजक म्हणून करिअर करता येतं का? त्यावर पोट भरतं का?

करता येतं. पोट मात्र भरत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी कोल्हापूर-सांगली पट्ट्यातला. १९ वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक आहे आणि गावाकडे दरवर्षी दोन संध्याकाळी लोकसंगीताचा महोत्सव भरवतो. घर चालतं ते बायकोच्या पगारावर आणि माझ्या लग्न-सत्कारांच्या सूत्रसंचालनावर.

नैमित्तिक म्हणजे लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी आणि ‘वाणी’ या निवेदकांसाठीच्या अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण एवढं सगळं पार केल्यावर मिळतात त्या महिन्याला फार तर ६ ड्युट्या. सकाळची पहिली सभा, म्हणजे प्रसारणाचं पहिलं सत्र, असली की पहाटे पाचच्या आत स्टुडिओत हजर. क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांचा वेळेनुसार क्रम, समोर, डोळे घड्याळावर. ध्वनिमुद्रित कार्यक्रम २० सेकंद आधी संपला, तर ते २० सेकंद तुमच्या गळ्यात. गप्प बसलात की ड्युटी रूममधून फोन आलाच.

नवी मुलं मला आवाजाबद्दल विचारतात. आवाज चाचणीपुरता. पुढे कामी आली ती माझी वही. श्रोत्यांची पोस्टकार्डं यायची : आमच्या गावात एक भेदिक (कोड्यांच्या सवाल-जवाबाची शाहिरी) गाणारे आहेत, आमची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, कधीतरी लावा की. मी सुट्टीच्या दिवशी एसटीने जाऊन त्यांना ऐकायचो आणि वहीत टिपायचो. नाव, गाव, शाहिरीच्या दोन पक्षांपैकी कलगीवाले की तुरेवाले, पेटीवरची पट्टी काळी चार की पांढरी पाच, शेजारच्या किराणा दुकानाचा फोन, ऊसतोडीच्या हंगामात मोकळे असतात का. आता अडचण अशी की रेडिओवर गायचं तर स्वरचाचणी द्यावी लागते. काहींचे अर्ज मीच भरून दिले. काही पास झाले, काहींनी ‘या वयात कसली परीक्षा’ म्हणून हात जोडले. वहीत रेडिओवर येऊ न शकणारी माणसंच जास्त उरली, तेव्हा त्यांच्यासाठी शाळेच्या पटांगणात मांडव घातला. महोत्सव म्हणतात तो हा.

पहिल्याच वर्षी रेडिओची सवय नडली. प्रत्येकाला २५ मिनिटं, असं पत्रक मी छापून घेतलं होतं. धनगरी ओव्यांचं पथक आलं, ढोल घुमला, म्हाताऱ्या गायकांनी सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडलं आणि धनगरांच्या देवाची, बिरोबाची कथा धरली. विसाव्या मिनिटाला मी विंगेतून हाताने खूण केली. त्यांनी दुर्लक्ष केलं. पंचविसाव्या मिनिटाला जवळ जाऊन कानात सांगितलं, तर ते माईकवरच म्हणाले, “आरं पोरा, बिरोबा आजून जल्माला यायचाय की!” पटांगण हसून लोळलं. मी पत्रक खिशात घातलं. (बक्षिसी म्हणून आलेल्या नोटा मोजायला त्या रात्री तिघं लागले, हेही नोंदवून ठेवतो.)

त्यांना मोकळा वेळ द्यायचा म्हटलं, तर रात्री दहाला भोंगा बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचा ध्वनिक्षेपक १० ते सकाळी ६ बंद ठेवायला लावला. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते, पण ते दिवस गणपती-नवरात्रात जातात, आमचा नंबर कुठला लागायला! पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केला. रात्र-रात्र चालणारी ती मैफलही पुढे दहाच्या आत आवरावी लागली, तिथे आमची काय कथा. आम्ही आता दुपारी चारला सुरू करतो. उन्हात गर्दी कमी असते, पण बायका येतात, कारण संध्याकाळी त्यांना चुलीपाशी असावं लागतं. हे मला आधी सुचलंच नव्हतं.

पैशाचं म्हणाल तर पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, मिठाईवाले यांच्याकडे पावतीपुस्तक घेऊन फिरतो. एका मोठ्या देणगीदाराने ‘ऑर्केस्ट्रा ठेवा, मग बघू’ असं सुनावलं. नाही ठेवला, त्या वर्षी साऊंडवाल्याची उधारी दिवाळीपर्यंत राहिली.

तुम्हाला सुरुवात करायची तर खासगी एफएमवर स्थानिक गाणं वाजवण्याची आशा धरू नका. तिथली गाण्यांची यादी वरून येते, आरजे फक्त मधलं बोलतो. त्यापेक्षा कम्युनिटी रेडिओ बघा. शैक्षणिक संस्थांना २००२ पासून आणि स्वयंसेवी संस्थांना २००६ पासून परवाने मिळतात. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, म्हसवडची माणदेशी तरंग ही आपल्याकडची उदाहरणं. ट्रान्समीटर ताकदीने लहान, आजूबाजूच्या गावांपुरता, पण मालकाला विचारल्याशिवाय शेजारच्या गावची भजनी मंडळी लावता येतात. आणि वही आजच घ्या.

ते ओवीवाले बाबा अजून येतात. दुपारी चारला बसवलं तरी बिरोबाचं लग्न ठरेपर्यंत दहा वाजतात. लग्न लागलेलं मी अजून एकदाही ऐकलेलं नाही.