आदिवासी गावाला जंगलाचा हक्क दिला, तर जंगल तुटेल का?

नाही, उलट ग्रामसभा जागी असेल तर जंगल जास्त टिकतं. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव त्याचा पुरावा आहे. वनहक्क कायदा, 2006 खाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पासही ग्रामसभेच्या हाती आले. पण राखण त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होती. कागद गिरणीसाठी चाललेली बांबूतोड गावाने विरोध करून थांबवली होती. निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने होतात, त्यामुळे नियम मोडणाऱ्याला आपल्याच माणसांसमोर उभं राहावं लागतं. मधाचंच बघा: पूर्वी पोळं जाळून मध काढत, माशा मरत. गावातल्या अभ्यासगटाने पद्धत बदलली. आता फक्त मधाचा भाग कापतात, पिल्लांचा भाग फांदीवर तसाच ठेवतात, म्हणून माशा तिथंच राहतात आणि पोळं पुन्हा भरतं. मोह, चारोळी, तेंदू यांवर वर्षाचा खर्च चालत असेल तर ती झाडं कोण पाडेल?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: नुसत्या हक्काच्या कागदाने हे घडत नाही. जिथं सभा भरत नाही, गस्त नाही आणि तेंदूपत्त्याचा सगळा व्यवहार कंत्राटदारच ठरवतो, तिथं तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून हंगामाआधी फांद्या छाटणं आणि आगी लावणं चालूच राहतं.