प्लॅनिंग मी केलं, फ्लाइट लेट झाली, आता मैत्रिणी माझ्याकडेच पैसे मागतायत

नागपूरच्या एका वाचक ताईंनी पाठवलेलं पत्र बरंच लांब आहे, आधी त्यातलं मुख्य सांगते. चौघी मैत्रिणी, नेरूळच्या स्टेडियममध्ये एका बँडचा शो, मेन ॲक्ट संध्याकाळी साडेसातला. विमानाची तिकिटं, हॉटेल, एअरपोर्टहून स्टेडियमला जायची कॅब सगळं ह्यांनीच बुक केलं, ग्रुपवर लिहिलं होतं "मी बघते सगळं, तुम्ही फक्त बॅगा भरा". फ्लाइट दुपारी १.५० ची होती, मुंबईत ३.२५ ला उतरणार होती. प्रत्यक्षात निघाली ४.३५ ला, पोचली ६.१० ला. ॲपवर चारची कॅब आधीच बुक करून ठेवली होती ती केव्हाच कॅन्सल होऊन गेली आणि वर कॅन्सलेशन चार्जही कापला. बॅगा येईपर्यंत ६.४०, मग तीन ड्रायव्हरनी एकामागून एक राइड घेऊन रद्द केली, त्यातल्या एकाने फोन करून वरचे पैसे कॅशमध्ये मागितले. गाडी मिळाली ७.३५ ला, नेरूळला पोचल्या ९.०५ ला आणि तिकिटावर लिहिलं होतं की आठनंतर एंट्री नाही. गेटबाहेर उभं राहून शेवटची गाणी ऐकली आणि हॉटेलवर गेल्या. आता तिघी म्हणतात तुझ्या प्लॅनिंगमुळे झालं, प्रत्येकीचे १३,५०० परत दे (शोचं तिकीट ६,५००, विमान ५,२००, हॉटेल १,८००), आणि एकीच्या चुलतभावाने, जो वकिली करतो, नोटीस पाठवायची भाषा केलीय. ताई लिहितात, "मॅडम, रात्री झोप लागत नाही, ४०,५०० रुपये माझ्याकडे नाहीत आणि ह्या मुली माझ्या कॉलेजपासूनच्या आहेत."

ताई, आधी झोपा. हे पैसे तुम्ही देणं लागत नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, कारण सांगते.

पहिली गोष्ट, तुमच्याविरुद्ध ग्राहक आयोगात केस होऊच शकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये "सेवा" ह्या शब्दाची जी व्याख्या आहे त्यातून फुकट दिलेली सेवा स्पष्ट वगळलीय, आणि तुम्ही एक रुपया कमिशन घेतलं नाहीत. राहिला दिवाणी दावा. तिथे चुलतभाऊ म्हणेल की तुम्ही तिघींच्या एजंट होता, आणि खरं सांगायचं तर हा मुद्दा अगदीच फोल नाही, कारण करार कायदा १८७२ च्या कलम १८५ प्रमाणे एजन्सीला मोबदला लागत नाही, मैत्रिणीसाठी फुकट तिकीट काढणारीसुद्धा एजंट ठरू शकते. पण मग त्याच कायद्याचं कलम २१२ पण वाचायला लागतं. एजंटने कौशल्याने आणि काळजीने काम करायचं, ठीक आहे, पण कौशल्य कमी आहे हे समोरच्याला आधीच माहीत असेल तर त्या व्यावसायिक दर्जाचं कौशल्य त्याला मागता येत नाही. तुम्ही ट्रॅव्हल एजंट नाही हे तिघींना कॉलेजपासून माहीत आहे. आणि भरपाई फक्त स्वतःच्या हलगर्जीपणाच्या थेट परिणामांची द्यायची असते, दूरच्या अप्रत्यक्ष नुकसानीची नाही.

तर प्रश्न एवढाच उरतो की तुम्ही हलगर्जीपणा केला का. आणि इथे तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा येतो जो तुम्ही स्वतः सहज लिहून पुढे गेलात, तो म्हणजे ३.२५ ते ७.३०. चार तास आणि पाच मिनिटं. सहाची फ्लाइट काढून साडेसातच्या शोला पोचू असं ठरवलं असतं तर मी वेगळं पत्र लिहिलं असतं. विमानतळाहून नेरूळपर्यंत जायला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये, वाशीच्या पुलावर अडकून, दोन तास धरले तरी तुमच्या हातात दोन तास शिल्लक राहत होते. कुठलंही कोर्ट ह्याला बेफिकिरी म्हणणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

एक निकाल सांगते म्हणजे पटेल. २०१६ च्या जूनमध्ये एक कुटुंब अजमेर-जम्मू एक्सप्रेसने निघालं होतं, गाडी जम्मूला सकाळी ८.१० ला पोचायची होती आणि त्यांचं श्रीनगरचं विमान दुपारी बाराचं होतं. म्हणजे जवळपास तुमच्याएवढाच गॅप. गाडी चार तास लेट झाली, विमान चुकलं, टॅक्सी करून श्रीनगर गाठावं लागलं. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कोर्टाने भरपाई कायम ठेवली, टॅक्सीचे १५,०००, बुकिंगचे १०,०००, शिवाय मानसिक त्रास आणि खर्चाचे वेगळे. त्यात रेल्वेला उशिराचं कारण पटवून देता आलं नाही, उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे तिने सिद्ध करायला हवं होतं असं कोर्ट म्हणालं. प्रवाशांनी एवढाच वेळ का ठेवला म्हणून त्यांच्या अंगावर काही आलं नाही.

आता "मी बघते सगळं, तुम्ही फक्त बॅगा भरा" ह्या वाक्याचं काय, कारण नोटिशीत ते नक्की येणार. हे वाक्य म्हणजे विमान वेळेवर पोचेल ह्याची हमी नाही. बुकिंग तुम्ही करणार एवढाच त्याचा अर्थ आणि ते तुम्ही केलंत. दुसरा स्क्रीनशॉट जो तुम्ही पाठवलाय, त्याच रात्री ११.५० चा, "माझंच चुकलं गं, खूप सॉरी", त्याने तुम्ही जास्त घाबरला आहात असं दिसतंय. दुखावलेल्या मैत्रिणींना रडवेल्या मनाने म्हटलेलं सॉरी म्हणजे कर्जाची कबुली होत नाही. पण आता ह्यापुढे ग्रुपवर "देते मी थोडे थोडे करून" वगैरे लिहू नका. तसं म्हटलंत तरी मोबदल्याशिवाय दिलेलं वचन कलम २५ मुळे बहुतेक टिकत नाही, पण उगाच समोरच्याच्या हातात कागद कशाला द्यायचा. नोटीस आलीच तर उत्तर साधं ठेवा, की बुकिंग सर्वांच्या संमतीने, विनामोबदला आणि वाजवी वेळ ठेवून केलं होतं, उशीर विमान कंपनीकडून झाला, त्यामुळे मागणी मान्य नाही. चार ओळी पुरतात. तिघींपैकी कोणीतरी ग्रुपवर फ्लाइटच्या वेळेला अंगठा दिला असेल तर तो मेसेज शोधून ठेवा, फार कामाचा आहे.

उलट एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे जी तुम्ही पत्राच्या शेवटी लाजत लाजत लिहिलीत, की एकीने हॉटेलचे १,८०० अजून दिलेच नाहीत. एजंटने मालकासाठी (म्हणजे ज्याच्या वतीने काम केलं त्याच्यासाठी) कायदेशीर काम करताना जो खर्च केला तो मालकाने भरून द्यायचा, हे करार कायद्याचं कलम २२२ आहे. म्हणजे त्यांनी तुम्हाला एजंट म्हटलं तर ते १,८०० ती मैत्रीण तुम्हाला देणं लागते.

आता खरी तक्रार कुणाविरुद्ध करायची. विमान कंपनीविरुद्ध, पण काय मिळेल ह्याबद्दल अपेक्षा नीट ठेवा. डीजीसीएचे (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे) नियम उशीर आणि रद्द होणं ह्यात मोठा फरक करतात. फ्लाइट वेळेवर न कळवता रद्द झाली असती तर तुमच्यासारख्या दीड तासाच्या प्रवासाला ७,५०० पर्यंतची रक्कम ठरलेली आहे (किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, जे कमी असेल ते), कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल तर. नुसत्या उशिराला अशी ठरलेली रक्कम नाही. सहा तासांच्या वर उशीर असता तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड मागता आला असता, तुमचा पावणेतीन तासांचा, त्यामुळे तो दरवाजा बंद. पण अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर झाला की खाणं-पिणं देणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि तुम्ही लिहिलंय की गेटवर पाण्याची बाटलीसुद्धा दिली नाही, विचारल्यावर फूड कोर्टकडे बोट दाखवलं. हा तुमचा सगळ्यात पक्का मुद्दा. दिल्ली-हैदराबाद फ्लाइटच्या धुक्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये हेच सांगितलं की हवामानामुळे उशीर झाला तर त्या उशिराचा दोष कंपनीचा नाही, पण अडकलेल्या प्रवाशांची सोय करायची जबाबदारी तरीही सुटत नाही.

उशिराचं कारण तुम्हाला काउंटरवर "ऑपरेशनल रिझन" एवढंच सांगितलं. कंपनीला आजच ईमेल करा, पीएनआर टाकून, उशिराचं नेमकं कारण लेखी मागा आणि खाणं-पाणी दिलं नाही हे नोंदवा. कारण धुकं किंवा एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) असेल तर तुमची केस पातळ होते, विमान दुसऱ्या मार्गावरून उशिरा आलं किंवा क्रू नव्हता असं असेल तर जड होते. उत्तर आलं नाही तर कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे (तक्रारी बघणारा अधिकारी), मग एअरसेवा ह्या विमान प्रवाशांच्या तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथेही नोंदवा, बऱ्याच कंपन्या ह्या टप्प्यावर काहीतरी सेटल करतात.

शोच्या तिकिटाचे ६,५०० विमान कंपनीकडून मिळतील का, हे तुम्ही तीनदा विचारलंय. कठीण आहे, खोटी आशा दाखवत नाही. करार कायद्याचं कलम ७३ म्हणतं की करार मोडल्यावर जी नुकसानी नेहमीच्या क्रमाने होते किंवा जी होईल हे करार करतानाच दोघांना माहीत होतं तेवढीच मागता येते, दूरची नाही. तुम्ही शोला जाताय हे तिकीट विकताना कंपनीला माहीत नव्हतं. जम्मूच्या केसचा आधार घेऊन मागणी जरूर टाका, पण मनात हिशोब धरताना हे पैसे धरू नका. शोच्या आयोजकांकडून तर सोडूनच द्या, त्यांनी शो वेळेवर केला आणि एंट्रीची वेळ तिकिटावर छापली होती.

कॅबचं प्रकरण वेगळं आहे आणि इथे तुमच्याही दोन कच्च्या बाजू आहेत, त्या माझ्याकडूनच ऐका, समोरच्या वकिलाकडून ऐकण्यापेक्षा बऱ्या. चारची कॅब बुक करताना ॲपमध्ये फ्लाइट नंबर टाकायचा रकाना होता आणि तो तुम्ही रिकामा ठेवला, आणि ४.३५ ला विमानात बसेपर्यंत वेळही बदलली नाही. त्यामुळे त्या पहिल्या कॅबच्या कॅन्सलेशन चार्जसाठी भांडू नका. दुसरं, ६.४० ते ७.३५ तुम्ही एकाच ॲपवर अडकलात. कलम ७३ च्याच स्पष्टीकरणात आहे की नुकसान टाळायचे जे मार्ग हाताशी होते तेही विचारात घ्यायचे. विमानतळावर प्रीपेड टॅक्सीचं काउंटर असतं, मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकलने कुर्ला आणि हार्बरने नेरूळ हाही रस्ता होता, गर्दीच्या वेळी बॅगा घेऊन तो किती जमला असता हे मला माहीत आहे पण प्रश्न विचारला जाणारच. ह्यावर तुमचं उत्तर खरं आहे तेच द्या, की दर वेळी ॲप "ड्रायव्हर ४ मिनिटांत" दाखवत होतं म्हणून थांबलो. आणि हेही लक्षात घ्या की तिथे चौघी उभ्या होत्या, प्रीपेडकडे जाऊया असं तिघींपैकी कोणीही म्हटलं नाही, म्हणजे ही चूक असलीच तर चौघींची आहे.

त्या तीन कॅन्सल राइड मात्र सोडू नका. केंद्राच्या २०२५ च्या ॲग्रीगेटर (म्हणजे ॲपवरून कॅब देणाऱ्या कंपन्या) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ड्रायव्हरने राइड स्वीकारून योग्य कारणाशिवाय रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये दंड आहे. रक्कम छोटी आहे, पण तक्रार नोंदली की तीन राइड किती वाजता घेतल्या, किती वाजता सोडल्या ह्याची नोंद कंपनीकडून लेखी येते आणि तुमची टाइमलाइन पक्की होते. ज्याने कॅश मागितली त्याच्या कॉलची वेळ, गाडी नंबर जपून ठेवा, ॲपवर आणि आरटीओकडे दोन्हीकडे तक्रार करा.

पुरावे जमवताना एक करा, स्क्रीनशॉट ठेवा पण फोन बदलू नका आणि मूळ मेसेज, मूळ ईमेल उडवू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडायला लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. बोर्डिंग पासवर जुनी वेळ छापली असेल, तो कागदी पास असेल तर त्याचा आजच फोटो काढा, ती शाई काही महिन्यांत उडते. माझ्या एका अशिलाचा पास केस उभी राहीपर्यंत कोरा पांढरा झाला होता.

ईमेलला समाधानकारक उत्तर आलं नाही तर नागपूरच्याच जिल्हा आयोगात तक्रार करा. मुंबईला जायची गरज नाही, २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे केस करता येते. ई-जागृती ह्या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून ऑनलाइन होते, तुमच्याएवढ्या रकमेला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे पण दोन वर्षं थांबू नका.

आणि तक्रार चौघींच्या नावाने करा, एकाच पीएनआरवर चौघींचं नुकसान झालंय. तुमच्या जागी मी असते तर नोटिशीची वाट न बघता ग्रुपवर विमान कंपनीला पाठवायच्या ईमेलचा मसुदा टाकला असता, खाली चौघींची नावं, आणि लिहिलं असतं की वाचून ओके द्या म्हणजे संध्याकाळी पाठवते. ज्या मैत्रिणीचा भाऊ वकील आहे तिला सांगा की त्यालाच मसुदा बघायला दे. त्याने जम्मूचा निकाल वाचला की तो कुणाला नोटीस पाठवायची हे स्वतःच बदलेल असं मला वाटतं. ते हॉटेलचे १,८०० मात्र ग्रुपवर काढू नका, तिला एकटीला फोन करून मागा.