रुंद स्क्रीनचा घरचा लॅपटॉप: तिसऱ्या वर्षातल्या मालकाला विचारा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. घर साताऱ्यात, वापरणारी माणसं चार, लॅपटॉप एकच घ्यायचाय. 15.6 इंची घ्यावा की 16 इंची, आणि तुमचे दीर म्हणतात तसं ‘रुंद स्क्रीनचे लॅपटॉप बिजागरीत तुटतात’ हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. दीर म्हणतात त्यात तथ्य आहे. तरीही मी रुंदच घ्या म्हणेन. फक्त दुकानात लोक जे बघतात ते सोडून दुसरंच बघावं लागतं.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. मार्केट यार्डातल्या दोन अडत दुकानांचे हिशेब घरी बसून लिहिते, एक हळदीचं आणि एक बेदाण्याचं. 2012 पासून आमच्या घरात तीन रुंद लॅपटॉप झाले आणि तिन्ही आम्ही सगळ्यांनी मिळून वापरले: मी, हे, मुलगा आणि सासूबाई. माहेरी, नणंदेकडे, शेजारी कुणाला घ्यायचा असला की मला बरोबर नेतात, आणि बिघडला की आधी माझ्याच टेबलावर येतो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. लॅपटॉप कसा आहे असं विचारलं तर माणूस त्याचा लॅपटॉप किती जुना आहे त्याप्रमाणे उत्तर देतो. पहिल्या पंधरा दिवसांतला मालक स्क्रीनचं कौतुक करतो, ‘किती पातळ, किती हलका’ म्हणतो. वर्षभरानं बॅटरीची कुरकुर सुरू होते. तिसऱ्या वर्षातला मालक बिजागरी, पंखा आणि न वाढणारी रॅम (म्हणजे चालू कामं धरून ठेवणारी मेमरी) यांवर बोलतो, आणि तोवर एक वर्षाची वॉरंटी कधीच संपलेली असते. ऑनलाइन पाच तारे देणारे बहुतेक पहिल्या प्रकारचे असतात. तुम्ही तिसऱ्या वर्षातला मालक गाठा.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. रुंद लॅपटॉपला बहुधा उजवीकडे आकड्यांचा वेगळा पॅड मिळतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी घालताना माझा उजवा हात त्या पॅडवर आणि डावा हात शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाच्या कागदावर असतो, नजर कागदावरून उठवावी लागत नाही. मधे दोन महिने भावाच्या 14 इंची लॅपटॉपवर काम केलं, वरच्या ओळीतले आकडे शोधून शोधून वेळ दीडपट लागायला लागला. दुसरं म्हणजे अर्ध्या स्क्रीनवर बँकेचं स्टेटमेंट आणि अर्ध्यावर खतावणी ठेवून ताळा करता येतो. आणि रात्री जेवणं झाली की सासूबाई कीर्तन लावतात, शेजारच्या दोघी येऊन बसतात, तिघींना एकदम दिसतं.

टेबलावरचा कॉम्प्युटर का नको, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा गावभागातली माझी नणंद लॅपटॉप पिशवीत घालून, पिशवी खांद्याला अडकवून बाहेर पडली. त्यांच्या दुकानातला कॉम्प्युटर जागेवरच भिजला. पुढं त्या दुकानाचे दोन वर्षांचे हिशेब मी त्याच लॅपटॉपवरच्या बॅकअपवरून परत उभे केले. साताऱ्यात तुम्हाला पुराची भीती नाही, पण घरात उचलून या खोलीतून त्या खोलीत नेता येतो हेही चार माणसांच्या घरात थोडं नाही.

आता 15.6 की 16. दुकानदार म्हणेल, पॉइंट चारचा फरक, त्यात काय एवढं. हे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, म्हणून मी पट्टी लावून रुंदी आणि उंची वेगळी बघितलीय. 15.6 इंची स्क्रीन 16:9 च्या मापाची (रुंदी 16 भाग तर उंची 9 भाग) असते, रुंदी साडेचौतीस सेंटीमीटर, उंची जेमतेम साडेएकोणीस. हल्लीची 16 इंची बहुतेक 16:10 ची असते, तिची रुंदी तेवढीच आणि उंची साडेएकवीस. सगळी वाढ उंचीत गेलेली आहे. एक्सेलच्या ओळी, मुलाचा प्रोजेक्ट, सरकारी अर्ज, सगळं वरून खाली वाचायचं असतं, तिथं ही अंगठाभर जास्तीची पट्टी रोज उपयोगी पडते. सिनेमा लावला की वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात, पण चित्र 15.6 वर दिसतं तेवढंच दिसतं, कारण रुंदी सारखी आहे. म्हणून बजेटात बसत असेल तर 16.

माझ्या 2012 च्या लॅपटॉपची स्क्रीन 1366 बाय 768 ठिपक्यांची (पिक्सेलची) होती. रुंद म्हणून हौसेनं घेतला आणि मग कळलं की अर्ज भरताना खालचं बटण दिसतच नाही, सारखं सरकवावं लागतं. रुंदीच्या नादात उंची गेली होती. आज नवा घेताना 1920 बाय 1080 च्या खाली जाऊ नका, जुना कुणाचा घेत असाल तर हे आवर्जून बघा.

चार माणसं बघणार असतील तर स्क्रीनचं पॅनल आयपीएस, म्हणजे कुठल्याही बाजूनं बघितलं तरी रंग नीट दिसणारं, आहे का हे विचाराच. स्वस्तातल्या काही लॅपटॉपना अजून टीएन नावाचं जुन्या पद्धतीचं पॅनल येतं. समोर बसणाऱ्याला ते बरं दिसतं, पण खाली सतरंजीवर बसून वर बघणाऱ्याला रंग उलटे आणि काळपट दिसतात. दुकानात एक फोटो उघडायला लावा, झाकण पुढंमागं हलवा आणि स्वतः खाली वाकून बघा. चेहरे काळवंडले तर तो लॅपटॉप तुमच्या घरासाठी नाही.

आकड्यांच्या पॅडचं कौतुक केलं, त्याचा तोटाही सांगायला हवा. पॅड उजवीकडं बसवला की अक्षरांचा कीबोर्ड डावीकडं सरकतो, आणि टचपॅडही स्पेसबारच्या खाली, म्हणजे डावीकडंच येतो. हात डावीकडं आणि स्क्रीनचा मध्य उजवीकडं, अशी ओढाताण होते. माझी मान दुखायला लागली तेव्हा मी उशी बदलली, औषध लावलं, पण कारण हे होतं. आता मी खुर्ची सरकवून स्क्रीनच्या मध्यासमोर बसते आणि टाइप करण्यासाठी साधा वायरचा कीबोर्ड जोडते. तुमच्याकडं आकड्यांचं काम कुणालाच नसेल तर पॅड नसलेला 16 इंची बघा, तसेही मिळतात आणि त्यांचा कीबोर्ड मध्यावर असतो.

आता बिजागरी. यावर जास्त लिहिते, कारण घरातला लॅपटॉप बंद पडण्याआधी बहुधा इथंच मोडतो.

आमचा दुसरा लॅपटॉप 2018 चा, 15.6 इंची, प्लॅस्टिकच्या अंगाचा. तिसऱ्या वर्षी उघडताना डाव्या कोपऱ्यातून ‘कट्ट’ आवाज आला. दुसरं काहीच झालं नाही, चालू होता. आठ-दहा दिवसांनी डाव्या बिजागरीपाशी खालचं अंग फुगल्यासारखं वर आलं, झाकण लावलं की तिथं फट दिसायची. दुरुस्तीवाल्यानं मागचं कव्हर उघडलं आणि माझ्या तळहातावर दोन पितळी नट ठेवले. मुगाच्या दाण्याएवढे, बाहेरून खाचा पाडलेले, आणि प्रत्येकाला तुटलेल्या काळ्या प्लॅस्टिकची कड चिकटलेली. स्क्रू शाबूत, बिजागरीचं लोखंडही शाबूत. तुटलं होतं ते नट धरणारं प्लॅस्टिक.

त्यानं समजावलं ते असं. बिजागरी मुद्दाम घट्ट ठेवलेली असते, नाहीतर रुंद जड स्क्रीन टाइप करताना डुलेल. ती घट्ट बिजागरी खालच्या अंगाला स्क्रूनं जोडतात आणि स्क्रू जातात या पितळी नटांत. नट गरम करून प्लॅस्टिकच्या छोट्या खुंट्यांत दाबलेले असतात. दर वेळी झाकण उघडलं की सगळा जोर त्या खुंट्यांवर येतो. बिजागरीतलं ग्रीस वाळून ती आणखी घट्ट झाली की जोर वाढतो. त्यात आपण एका हातानं, कोपऱ्याला धरून उघडतो. साडेचौतीस सेंटीमीटर रुंद झाकण एका कोपऱ्यातून ओढलं की जवळची बिजागरी आधी फिरते, लांबची मागं राहते आणि झाकण पिळतं. लहान लॅपटॉपचं झाकण एवढं पिळत नाही. दिरांच्या म्हणण्यात तथ्य आहे म्हटलं ते यासाठी. माझ्या मुलाची सवय तीच होती, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातानं डावा कोपरा धरून उघडायचा.

आवाज आला त्याच दिवशी नेला असता तर नुसती बिजागरी सैल करून, ग्रीस लावून भागलं असतं. मी दहा दिवस तसाच वापरला. तेवढ्यात स्क्रीनची वायर, जी बिजागरीतूनच जाते, ती चेपली आणि स्क्रीनवर आडव्या रेघा यायला लागल्या. शेवटी त्यानं बिजागरीचा नट थोडा सैल केला, तुटलेल्या खुंट्यांच्या जागी एपॉक्सी भरून त्यात नट परत बसवले, वायर बदलली. त्यानंतर तो लॅपटॉप आणखी तीन वर्षं चालला. एक कळकळीनं सांगते, फट दिसली की घरी फेव्हिक्विक लावू नका. ते बिजागरीत उतरतं, बिजागरी जाम होते आणि पुढच्या वेळी उघडताना उरलेलं प्लॅस्टिकही घेऊन येते.

दुकानात ठेवलेला नमुना दोन्ही हातांनी, मध्याला धरून सावकाश उघडा. खालचं अंग टेबलावरून उचललं जाईल इतकी बिजागरी घट्ट असेल आणि शरीर सगळं प्लॅस्टिकचं असेल तर मी तो घेणार नाही. बिजागरीच्या वरची जागा बोटानं दाबा, ती चिप्ससारखी दबली तर नको. झाकण किंवा कीबोर्डभोवतालचं अंग धातूचं असलं तर दोन-तीन हजार जास्त गेले तरी द्या.

धातूच्या अंगाबरोबर एक गोष्ट येते. चार्जिंगला लावलेला असताना हात फिरवला की बारीक मुंग्या येतात, लोक घाबरून लॅपटॉप परत करतात. चार्जरमधून थोडासा करंट अंगावर येतो आणि अर्थिंगमधून निघून जायला हवा तो जात नाही, म्हणून ते होतं. जुन्या वाड्यात राहत असाल तर खोलीच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, आणि तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावू नका.

हवेचं गणित सोपं आहे. बहुतेक रुंद लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा घेतात आणि मागून बिजागरीपाशी सोडतात. गादीवर, गोधडीवर ठेवला की तळ बंद होतो. टेबल नसेल तर खाली लाकडी पाट ठेवा, आमच्याकडं जुना जेवणाचा पाटच ठेवलाय. मी हळदीच्या सीझनला लॅपटॉप दुकानात नेते, गेल्या वर्षी पंखा उघडला तर पात्यांवर पिवळी धूळ केकच्या थरासारखी बसलेली. तुमच्याकडं हळद नसेल, पण साताऱ्यालाही उसाच्या हंगामात धूळ आणि काजळी कमी नसते. दोन वर्षांनी एकदा पंखा साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या.

रॅम बोर्डावर जोडलेली आहे की जादा स्लॉट आहे, हे बिल करायच्या आधी विचारा. 8 जीबी आणि स्लॉट नाही असा घेतलात तर तिसऱ्या वर्षी हात बांधले जातात. पॉवरचं बटण बऱ्याच मॉडेलांत डिलीटच्या शेजारी असतं, सासूबाईंच्या हातून कीर्तन दोनदा असंच बंद पडलं. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘बटण दाबल्यावर काही करू नको’ असं ठेवता येतं, पहिल्याच दिवशी ठेवा. सतत चार्जरला लावून वापरणार असाल तर चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का बघा. बॅटरी फुगली की सगळ्यात आधी टचपॅड वर उचलला जातो. असं दिसलं तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी बदलेपर्यंत वापरू नका.

पुण्याहून कुणाचा वापरलेला 17.3 इंची स्वस्तात मिळतोय असं तुम्ही लिहिलंय. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, तेव्हा आधी प्रोसेसर विचारा. कराडला माझ्या मावसभावाकडं 17.3 आहे. स्क्रीन सुंदर, पण कुठल्याच नेहमीच्या सॅकमध्ये बसत नाही, म्हणून तो कायम टेबलावर असतो. मुलं क्लासला नेणार असतील तर तो विचार सोडा.

पोवई नाक्यावरच्या दुकानांत बघायला जाल तेव्हा एक नमुना हातात घेऊन बिजागरीच्या बाजूचे दोन फोटो काढा, एक उघडा आणि एक मिटलेला, आणि तळाच्या जाळीचा एक. मला पाठवा, बघून सांगते.