फायरफॉक्सचं जुनं व्हर्जन हवंय, पण बुकमार्क आणि पासवर्ड जायला नकोत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की अपडेट झाल्यापासून कारखान्यातल्या हजेरी मशीनच्या पानावरचं रिपोर्टचं बटण चालत नाही, म्हणून फायरफॉक्स मागच्या व्हर्जनवर न्यायचाय. मी कोल्हापुरात उद्यमनगरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हेच दुखणं घेऊन लोक माझ्याकडे येतात, आणि बरेचजण आधी घरी काहीतरी करून मग येतात. म्हणून पहिलंच सांगतो: आहे त्या फायरफॉक्सवर जुना चढवू नका. जुना शेजारी, वेगळ्या फोल्डरमध्ये घाला आणि त्याला प्रोफाइलही (म्हणजे बुकमार्क, पासवर्ड साठवायचा फोल्डर) वेगळं द्या.

एका मशीन शॉपचे मालक भर पावसात सीपीयू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आले होते. मुलानं सर्च करून कुठल्याशा साइटवरून जुना फायरफॉक्स उतरवला आणि चालू फायरफॉक्सवरच बसवला. सुरू करताना ‘तुम्ही जुनं व्हर्जन उघडलंय’ असा इशारा आला, खाली दोन बटणं: नवीन प्रोफाइल बनवा, किंवा बाहेर पडा. त्यानं पहिलं दाबलं. ब्राउझर कोरा उघडला. जीएसटी, बँक, गिऱ्हाइकांची पोर्टलं, एकही बुकमार्क नाही.

“सगळं गेलं बघ बाळ,” मालक म्हणाले.

“काय गेलेलं नाही मालक, हाय तिथंच हाय.”

अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट, कोलन, प्रोफाइल्स असं इंग्रजीत टाइप केलं की प्रोफाइलची यादी येते. तिथं दोन प्रोफाइल दिसत होती, एक त्या दिवशी तयार झालेलं आणि एक जुनं. मोझिलाच्या साइटवरून चालू व्हर्जन परत घातलं, जुनं प्रोफाइल डीफॉल्ट केलं, आणि सगळं जसंच्या तसं आलं. मालकांनी एकेक बुकमार्क बोट लावून मोजला. खरा त्रास वेगळाच होता. त्या परक्या साइटच्या सेटअपनं बरोबर दोन-तीन नको ते प्रोग्राम आणले होते. ते उपसण्यात संध्याकाळ गेली आणि बँकेचा पासवर्ड मी त्यांना त्याच रात्री बदलायला लावला.

हा इशारा फायरफॉक्स ६७ पासून, म्हणजे मे २०१९ पासून येतो. कारण साधं आहे. बुकमार्क, हिस्ट्री, पासवर्ड हे सगळं प्रोफाइलच्या फोल्डरमधल्या फायलींत असतं, आणि नवीन व्हर्जन त्या फायलींची रचना स्वतःच्या सोयीनं बदलतं. जुन्याला ती रचना कळेलच असं नाही, मग तो चुकीचं वाचतो किंवा बिघडवतो. ६७ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये तर हा इशाराही नाही, ते सरळ तेच प्रोफाइल उघडतात. इशारा डावलून जबरदस्तीनं उघडायची युक्ती सांगणारे भेटतील; चालू प्रोफाइलवर ती कधीही वापरू नका.

जुन्याकडे वळण्याआधी पाच मिनिटं द्या. ते पान कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबून ताजं करा. मग हेल्प मेन्यूतून ट्रबलशूट मोडमध्ये फायरफॉक्स उघडून बघा. बटण चाललं तर दोष बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनचा (ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचा) आहे, व्हर्जनचा नाही. अपडेट बदनाम होतं आणि चूक जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनची निघते, असं माझ्यासमोर कितीदा तरी झालंय.

तरीही जुनाच लागणार असेल तर आधी बॅकअप. हेल्पमधल्या ट्रबलशूटिंगच्या माहितीत प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे. फोल्डर उघडा, फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि मगच तो पेन ड्राइव्हवर कॉपी करा. चालू असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते. बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्येही काढून ठेवा, ती कुठलंही व्हर्जन वाचतं. पासवर्डच्या यादीची सीएसव्ही फाइल काढलीत तर ती साध्या अक्षरांत असते, कुणीही उघडून वाचेल. काम झालं की पुसा.

कुठल्या व्हर्जनवर जायचं हे अंदाजानं ठरवू नका. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या भागात अपडेट हिस्ट्री आहे, तिथं तारखेसकट आकडे दिसतात. बिघाडाच्या लगेच आधीचंच व्हर्जन घ्या. फाइल मोझिलाच्याच आर्काइव्हमधून घ्या: आर्काइव्ह डॉट मोझिला डॉट ऑर्ग, त्यात पब, फायरफॉक्स, रिलीजेस. प्रत्येक व्हर्जनमध्ये आधी विंडोजचा फोल्डर आणि त्यात भाषांचे फोल्डर असतात, मराठीचा ‘एमआर’ नावाचा आहे. उतरलेल्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर बघा. मोझिला कॉर्पोरेशनचं नाव नसेल तर ती फाइल उघडूच नका.

आता इंटरनेट बंद करा. सेटअपमध्ये कस्टम निवडून वेगळा फोल्डर द्या आणि शेवटी ‘आता सुरू करा’ची खूण काढा. डेस्कटॉपवर जुन्याचा वेगळा शॉर्टकट करा, त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या टार्गेटच्या शेवटी एक जागा सोडून डॅश आणि इंग्रजी मोठा पी लिहा. त्यानं उघडलं की आधी प्रोफाइल विचारतो. तिथं ‘हजेरी’ नावाचं नवीन बनवा. मग अपडेटच्या सेटिंगमध्ये ‘विचारून घाल’ निवडा, आणि फायरफॉक्स बंद असतानाही अपडेट करायची खूण असेल तर ती काढा. ही पायरी राहिली तर जुना फायरफॉक्स गुपचूप नवीन होतो आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

या जुन्यात तुमचे बुकमार्क आणायची गरजच नाही. त्याला एकच पान लागतं, हजेरी मशीनचं. त्या पानाचा १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता तुमच्या कारखान्याच्या आतलाच आहे, त्यासाठी बाहेरचं इंटरनेट लागत नाही. बँक, जीएसटी, मेल यातलं काहीही जुन्यात उघडू नका, आणि सिंकमध्ये (बुकमार्क, पासवर्ड दुसरीकडे आपोआप नेणाऱ्या फायरफॉक्सच्या खात्यात) लॉगिनही करू नका. नव्या व्हर्जनमध्ये बुजवलेली सुरक्षेची भोकं जुन्यात उघडीच असतात. १२८ च्या खाली तर जाऊच नका. जुन्या व्हर्जनमधल्या एका रूट सर्टिफिकेटची (अ‍ॅड-ऑन खरं आहे का ते तपासायच्या दाखल्याची) मुदत १४ मार्च २०२५ ला संपली, तेव्हापासून त्यांतली अ‍ॅड-ऑन, म्हणजे एक्स्टेन्शन वगैरे, बंद पडतात. ईएसआर (कंपन्यांसाठीचं, जास्त काळ चालवलं जाणारं व्हर्जन) घेणार असाल तर ११५.१३ पासून पुढचं घ्या.

हजेरी मशीनऐवजी कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं (रेकॉर्डिंगच्या डब्याचं) पान प्लगइन, म्हणजे ब्राउझरमध्ये वेगळा घालायचा प्रोग्राम, मागत असेल तर दोन-चार व्हर्जन मागे जाऊन काही मिळत नाही. फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये ५२ व्या व्हर्जनपासून फ्लॅश सोडून असले प्लगइन बंद केले, क्रोमनं २०१५ मध्येच. त्यासाठी एज ब्राउझरमधला इंटरनेट एक्सप्लोरर मोड चालू करा, मायक्रोसॉफ्टनं तो किमान २०२९ पर्यंत ठेवायचं सांगितलंय. आणि क्रोमची जुनी व्हर्जनं गूगल घरगुती वापरासाठी देत नाही, त्यामुळे इतर साइटवर ‘जुना क्रोम’ दिसला तरी हात लावू नका.

मशीन बसवणाऱ्यालाही फोन करा. हजेरी मशीनचं फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) नवीन आलेलं असलं तर जुन्या ब्राउझरची भानगडच उरत नाही. आणि अपडेट हिस्ट्रीत आधीचा आकडा कुठला दिसतोय तो लिहा, म्हणजे नेमकी कुठली फाइल घ्यायची ते सांगतो.